निळ्या पाण्यामागचा हिशेब : आल्प्सच्या सरोवरांकाठी एक दिवस

मे महिन्याची सुट्टी लागली की व्यापारी पेठांतील जैन कुटुंबांत परदेश सहलींचे बेत पक्के होऊ लागतात. चातुर्मास बसण्यापूर्वी प्रवास उरकून घ्यावा, हा त्यामागचा जुना संकेत आहे. त्या चार महिन्यांत प्रवासाची मर्यादा बांधून घेणारे श्रावक आजही पुष्कळ आहेत. युरोपच्या बस सहलीत स्वित्झर्लंडच्या वाट्याला बहुधा दोन-तीन दिवस येतात. त्यांतले बरेचसे बर्फाच्छादित शिखरांना आणि तिथे नेणाऱ्या पाळण्यांना जातात. सरोवरांसाठी एखादा दिवस उरतो, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याची नोंद एका ओळीत आटोपलेली असते : ल्युसर्न, ब्रिएन्झ व थुन सरोवरांचे दर्शन, सायंकाळी हॉटेलवर परत.

या एका ओळीत मावलेल्या दिवसाकडे जरा सावकाश पाहण्यासारखे आहे. शिखरांपेक्षा सरोवरे माणसाच्या व्यवहाराविषयी अधिक बोलतात. शिखरावर माणूस चार तास थांबतो आणि खाली उतरतो. सरोवराच्या काठी तो शेकडो वर्षे राहिला, त्याने त्यातून माल वाहिला, त्यात घाण सोडली, ती घाण पुढे मोठ्या खर्चाने उपसली, आणि काही गोष्टी अशाही बुडवून ठेवल्या की त्या बाहेर कशा काढाव्यात हे अजून ठरलेले नाही.

दिवसाची सुरुवात नियमपालन करणाऱ्यांना सोयीची असते. जूनच्या मध्यास ल्युसर्नला सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो. नवकारसीचे पच्चक्खाण अठ्ठेचाळीस मिनिटांनी पूर्ण होते, म्हणजे सव्वासहाला ज्येष्ठ मंडळी मोकळी होतात आणि सातच्या न्याहारीला कोणालाही ताटकळावे लागत नाही. उकळलेलेच पाणी घेणाऱ्यांनी मात्र आपली छोटी विजेची किटली आणि तिथल्या बैठकीत बसणारी पिन बरोबर न्यावी. स्वित्झर्लंडमधील विजेची बैठक शेजारच्या देशांहून निराळी, तीन भोकांची व खोलगट असते. दोन बारीक दांड्यांची पिन तीत बसते, जाड गोल पिन बसत नाही. पहिल्याच सकाळी या बारीकशा गोष्टीवरून निम्म्या खोल्यांत धावपळ उडालेली पाहायला मिळते.

आठच्या ठोक्याला बस हलते. इथे एका गोष्टीची समजूत प्रवाशांनी आधीच करून घेतलेली बरी. आपल्याकडे गाडीवानाला ‘भाऊ, अजून दहा मिनिटे’ म्हटले की तो थांबतो. युरोपात बसचालकाच्या प्रत्येक मिनिटाची नोंद टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात होत असते. साडेचार तास गाडी चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती त्याला घ्यावीच लागते, आणि दिवसभरात साधारण नऊ तासांपलीकडे चाक हाती धरता येत नाही. नियम मोडला तर दंड भरावा लागतो. त्यामुळे दुकानात रेंगाळलेल्या एका कुटुंबाची दहा मिनिटे हॉटेलवरच्या सगळ्यांच्या जेवणातून वजा होतात. सहलव्यवस्थापक वेळेसाठी आग्रह धरतो तेव्हा तो तुसडेपणा करत आहे असे वाटून घेण्याचे कारण नाही.

ल्युसर्नच्या सरोवराला जर्मन भाषेत चार वनप्रांतांचे सरोवर अशा अर्थाचे लांबलचक नाव आहे. उरी, श्वीत्स, उंटरवाल्डन आणि ल्युसर्न हे ते चार प्रांत. सरोवर सरळ नाही. डोंगरांच्या फटींतून चारही अंगांना हातपाय पसरल्यासारखे ते वळत जाते. क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किलोमीटर आणि कमाल खोली २१४ मीटर. शहरातला झाकलेला लाकडी पूल, म्हणजे चॅपल ब्रिज, चौदाव्या शतकातला. १९९३ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री तो आगीत बराचसा जळाला, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिला. आतील छताखाली त्रिकोणी चित्रफळ्या आहेत. जळालेल्या फळ्यांच्या काही जागा रित्या दिसतात, त्या लपवलेल्या नाहीत. पुलावर छायाचित्रे काढणारी गर्दी खाली नदीकडे पाहते. मान वर करून त्या फळ्या पाहणारे थोडेच.

व्यापारी घराण्यांतील वाचकांना या सरोवराची दुसरी ओळख अधिक भावेल. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात गोटहार्ड खिंडीकडे जाणारी अवघड शोलेनेन घळ पार करण्याजोगी झाली, आणि इटली व उत्तर युरोप यांमधला एक जवळचा मार्ग खुला झाला. या मार्गाचा एक टप्पा पाण्यावरून जात असे. खिंडीतून खेचरांच्या पाठीवर आलेला माल फ्ल्युएलेन या गावी उतरे, तिथल्या वखारीत ठेवला जाई आणि नावांत भरून ल्युसर्नला येई. दक्षिणेकडून तांदूळ, मद्य, रेशीम. उत्तरेकडून चीज आणि गुरे. माल वाहणाऱ्यांचे गावोगाव संघ होते. आपल्या हद्दीतला टप्पा आपणच वाहणार, असा त्यांचा हक्क असे आणि बदल्यात वाट दुरुस्त ठेवण्याची जबाबदारीही त्यांचीच. वाहतूकदार, वखारवाला, जकातदार आणि नावाडी या चौघांचे पोट एका खिंडीवर चालत होते. १८६५ साली सरोवराच्या कड्यातून आक्सेनचा रस्ता कोरला गेला आणि १८८२ साली पंधरा किलोमीटरचा गोटहार्ड रेल्वे बोगदा सुरू झाला. मालाच्या नावा हळूहळू संपल्या. त्याच पाण्यावर आज सहलीची जहाजे फिरतात. त्यांतली पाच अजूनही चाकांनी पाणी कापणारी जुनी वाफेची जहाजे आहेत. ‘उरी’ हे सर्वांत जुने जहाज १९०१ सालचे. माल गेला, माणसे आली, घाट तेच राहिले. पेठ उठली म्हणजे सर्व संपले असे मानणाऱ्यांनी हा बदल लक्षात घेण्यासारखा आहे.

ल्युसर्न सोडून बस दक्षिणेला वळते. सार्नेनचे सरोवर डाव्या-उजव्या खिडक्यांच्या वादात निघून जाते आणि मग चढ लागतो. चढावर लुंगर्नचे सरोवर येते. चहूबाजूंनी गर्द झाडी, मध्ये पाचूसारखे पाणी, काठावर उंच सुळक्याचे चर्च. बहुतेकांना ते सृष्टीने आजच घडवून ठेवल्यासारखे वाटते. वस्तुतः त्याची कहाणी जमाखर्चाची आहे. गावात शेतजमीन अपुरी होती. सरोवराचे पाणी उतरवले तर तळाची सुपीक जमीन हाती येईल, असा विचार करून गावकऱ्यांनी खडकातून बोगदा खोदायला घेतला. पैशांअभावी काम रखडत गेले आणि अखेर १८३६ साली बोगदा फुटला. पाण्याची पातळी सुमारे छत्तीस मीटर खाली गेली, उघड्या पडलेल्या तळावर शेते आली. पुढे १९२० च्या दशकात वीजनिर्मितीसाठी तेच पाणी पुन्हा अडवले गेले आणि वडिलांनी कमावलेली जमीन नातवंडांच्या काळात परत पाण्याखाली गेली. आज छायाचित्रांत येते ते सरोवर वीजकंपनीचा जलाशय आहे. दऱ्यांतले पाणी असे दोनदा हिशेबात धरले गेले, एकदा ओझे म्हणून आणि एकदा भांडवल म्हणून.

ब्रुनिग घाटाची उंची १००८ मीटर. घाट ओलांडला की खाली ब्रिएन्झचे सरोवर उलगडते, आणि बसमध्ये आपोआप शांतता पसरते. एखादा नातू विचारतो, “आजी, या पाण्यात रंग टाकलाय का?” आजीचे उत्तर बहुधा असे असते, “असं कोण टाकेल रे एवढ्या पाण्यात? देवाची करणी आहे.” रंग टाकलेला नाही हे आजींचे म्हणणे खरे, कारण मात्र सांगता येण्यासारखे आहे. या सरोवरात आरे व ल्युचिने या दोन नद्या येऊन मिळतात. दोघींचा उगम हिमनद्यांतून. हिमनदी सरकताना खालचा खडक दळते आणि त्याचे पीठ इतके बारीक होते की ते महिनोन्‌महिने पाण्यात तरंगत राहते. पाणी प्रकाशातला तांबडा अंश शोषून घेते, हे दगडी पीठ उरलेला निळा-हिरवा प्रकाश विखरून परत पाठवते, आणि डोळ्यांना तो दुधाळ नीलमणी रंग दिसतो. उन्हाळ्यात बर्फ जास्त वितळते म्हणून रंग जास्त दाट. पाणी दिसायला गढूळ आणि तरीही शुद्ध, अशी ही दुर्मीळ स्थिती आहे.

ब्रिएन्झ गावात लाकडावरच्या कोरीवकामाची दुकाने आहेत. कोरलेली अस्वले, घड्याळे, संगीतपेट्या. हा धंदा हौसेतून आलेला नाही. इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ साली प्रचंड उद्रेक झाला, त्याच्या धुळीने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिके बुडाली, उपासमार झाली. त्या दिवसांत ख्रिस्तियान फिशर नावाच्या स्थानिक कारागिराने लाकडी वस्तू कोरून प्रवाशांना विकायला सुरुवात केली आणि इतरांनाही ते शिकवले. १८८४ साली गावात कोरीवकामाची शाळा निघाली. ती अजून चालू आहे. दुकानात शिरणाऱ्याने भाव विचारण्याआधी वस्तू हातात घेऊन पाहावी. यंत्राने काढलेल्या अस्वलाची पाठ गुळगुळीत असते. हाताने कोरलेल्याच्या केसांवर पटाशीचे घाव मोजता येतात. किमतीतला फरक तिथेच आहे.

इथून बस रिकामी पुढे जाते आणि मंडळी जहाजाने इंटरलाकेनला निघतात. सव्वा तासाचा हा प्रवास संपूर्ण दिवसाचा गाभा म्हणावा लागेल, आणि वेळ वाचवण्यासाठी जो आयोजक नेमका तोच गाळतो तो प्रवाशांचे नुकसान करतो. दक्षिण काठावर गीसबाख धबधबा चौदा टप्प्यांनी उड्या घेत सरोवरात उतरतो. त्याच्या कडेला जुन्या थाटाचे मोठे हॉटेल आहे आणि घाटापासून तिथे चढणारी दोरखंडाची लहानशी गाडी १८७९ पासून चालते आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉटेल तोट्यात गेले, बंद पडले, आणि ते पाडून तिथे काँक्रीटची वास्तू उभारण्याची योजना पुढे आली. तेव्हा निसर्ग व प्राणिरक्षणाचे स्विस कार्यकर्ते फ्रान्झ वेबर यांनी देशभरातील नागरिकांकडे हात पसरले, लोकांच्या देणग्यांतून १९८३ साली ती जागा एका विश्वस्त संस्थेच्या नावे विकत घेतली आणि इमारत वाचवली. पाठशाळा, पांजरापोळ आणि धर्मशाळा अशाच वर्गणीतून उभ्या करणाऱ्या समाजाला ही रीत परकी वाटणार नाही.

काठावरचे इसेल्टवाल्ड हे गाव मात्र वेगळ्या अडचणीत सापडले. तिथल्या लहानशा लाकडी धक्क्यावर एका कोरियन मालिकेतला प्रसंग चित्रित झाला आणि चारशे-साडेचारशे वस्तीच्या गावात छायाचित्रांसाठी बसगाड्यांची रीघ लागली. गावाने २०२३ साली धक्क्यावर फिरते फाटक बसवले आणि माणशी पाच फ्रँक आकार लावला. रीघ थांबली नाही, पण सफाईचा खर्च निघू लागला. हिंदी चित्रपटांनी या देशात भारतीयांची जी गर्दी आणली तिचा सन्मान म्हणून इंटरलाकेनमध्ये २०१६ साली यश चोप्रा यांचा पुतळा उभा राहिला. एका चित्रीकरणाला फाटक आणि दुसऱ्याला पुतळा, असे हे दोन टोकांचे स्वागत एकाच सरोवराच्या परिसरात आहे.

इंटरलाकेन या नावाचा अर्थच दोन सरोवरांमधले गाव. ल्युचिने आणि लोम्बाख यांनी आणलेल्या गाळाने एका अखंड सरोवराचे दोन तुकडे केले. पूर्वेला ब्रिएन्झ, पश्चिमेला थुन, आणि मधल्या गाळावर हे गाव. गावाच्या ऐन मध्यभागी होहेमाट्टे नावाचे सुमारे चौदा हेक्टरांचे गवती मैदान आहे. समोर युंगफ्राऊचे ४१५८ मीटर उंचीचे शिखर. जागेचा भाव काढायची सवय ज्यांना आहे ते इथे क्षणभर थांबतातच. १८६४ साली हे मैदान विक्रीस निघण्याच्या बेतात असताना गावातील हॉटेलमालक व काही नागरिक यांनी मिळून ते घेतले आणि त्यावर कधीही बांधकाम करायचे नाही असा करार केला. त्यांतल्या प्रत्येकाला तिथे आणखी एक हॉटेल बांधून नफा करता आला असता. समोरचे शिखर झाकले गेले तर सगळ्यांचाच धंदा बसेल, हे त्यांना दिसले. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला; मैदान आजही मोकळेच आहे.

दुपारचे जेवण येथील भारतीय उपाहारगृहात. कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य असलेले जैन ताट बस सहलींत आता सवयीचे झाले आहे, तरी आगाऊ कळवलेले असले तरच. स्थानिक पदार्थांच्या बाबतीत थोडे ज्ञान असावे. र्‍योश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचे थालीपीठ. फोंड्यूमध्ये चीजबरोबर पांढरे मद्य आणि बहुधा चेरीचे मद्यही असते. ग्रुयेर, एमेंटाल यांसारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजलेली असतात, त्यामुळे ‘शाकाहारी’ एवढे ऐकून समाधान मानू नये. चॉकलेटांतही मद्य भरलेला एक प्रकार असतो. वेष्टनावर ‘किर्श’ हा शब्द दिसला तर तो डबा परत ठेवावा. दुकानदाराला विचारण्यात संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. तिथले विक्रेते विचारल्यास खरे सांगतात.

आता मूळ प्रश्नाकडे. ही सरोवरे इतकी स्वच्छ कशी? निसर्गाची कृपा आणि लोकांची शिस्त, असे उत्तर प्रवासवर्णनांतून वर्षानुवर्षे दिले जाते. ते अर्धवट आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधील अनेक सरोवरांत शेवाळ माजले होते आणि काही ठिकाणी पोहायला बंदी घालावी लागली होती. १९६५ च्या सुमारास देशातील जेमतेम १४ टक्के लोकांचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचत होते. बाकीचे नदीनाल्यांतून सरोवरात. १९६३ साली झरमाट या प्रसिद्ध पर्यटनगावी दूषित पाण्याने विषमज्वराची साथ आली, शेकडो आजारी पडले आणि तिघे दगावले. पर्यटनावर जगणाऱ्या देशाला हा धक्का पुरेसा होता. १९७१ साली जलसंरक्षणाचा कडक कायदा झाला, गावोगाव शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. १९८६ साली कपडे धुण्याच्या पावडरींत फॉस्फेट वापरण्यास बंदी घातली गेली, कारण फॉस्फेट हे शेवाळाचे खत ठरत होते. आज ९७ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या शुद्धीकरण केंद्रांशी जोडलेली आहे. झ्युरिक शहर आपल्या पिण्याच्या पाण्याचा सुमारे ७० टक्के भाग सरोवरातून उचलते, वाळूच्या थरांतून व इतर टप्प्यांतून गाळते आणि घरोघरी पोचवते. पाणी गाळल्याशिवाय पिऊ नये हा नियम ज्यांच्या घरात आठवणीपलीकडच्या काळापासून पाळला जातो, त्यांना त्या गाळणीचे महत्त्व निराळे सांगायला नको. सांडपाण्याने हिरवा झालेला रंकाळा कोल्हापूरकरांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे. स्वित्झर्लंडची सरोवरे एके काळी त्याच वाटेवर होती.

या हिशेबातला एक आकडा जैन वाचकांनी विशेष पाहावा असा आहे. ल्युसर्नच्या उत्तरेला, बाझेलकडून येताना बसच्या खिडकीतून दिसणारे झेम्पाखचे सरोवर दिसायला तितकेच देखणे. १९८४ च्या ऑगस्टमध्ये त्यात मासे मोठ्या संख्येने मेले. कारण शहराचे सांडपाणी नव्हते. आजूबाजूच्या पट्ट्यात मांसासाठी डुकरे व गुरे इतकी पाळली जात होती की त्यांच्या मलमूत्राचे खत जमिनीला पेलवत नव्हते. जास्तीचा अंश पावसाबरोबर सरोवरात उतरे, शेवाळ वाढे आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपे. शेजारच्या बाल्डेगच्या सरोवरात १९८२ पासून आणि झेम्पाखमध्ये १९८४ पासून तळाशी नळ टाकून प्राणवायू सोडावा लागला. रुग्णाला नळी लावावी तसा. मांसाहाराची हिंसा कत्तलखान्याच्या दारापाशी संपते असे समजणाऱ्याला ती पुढे किती दूरवर वाहत जाते, हे या दोन सरोवरांनी दाखवले. अपकायातल्या जीवांचा विचार करणारे शास्त्र पाण्याला निर्जीव साठा मानत नाही. तिथल्या जलतज्ज्ञांची भाषा वेगळी असली तरी सरोवर श्वास घेते आणि गुदमरते, असेच ते बोलतात.

उलट टोकही आहे. ब्रिएन्झचे पाणी आता पोषक द्रव्यांत इतके विरळ झाले आहे की मासे कमी व लहान झाले, आणि मासेमारांनी शुद्धीकरण केंद्रांतून थोडे फॉस्फेट पाण्यात राहू द्यावे अशी मागणी केली. सरकारने ती मान्य केली नाही.

जेवणानंतर बस थुन सरोवराच्या उत्तर काठाने धावते. क्षेत्रफळ सुमारे ४८ चौरस किलोमीटर, खोली २१७ मीटर. समोर नीसेनचा पिरॅमिडासारखा डोंगर. काठावर ओबरहोफेनचा पाण्यात पाय बुडवून उभा असलेला गढीवजा वाडा. इथे पंधरा-वीस मिनिटे मिळतात, ती छायाचित्रांत संपतात. कँडर नदीची गोष्ट थुन गावाच्या पुलावर सांगण्याजोगी आहे. ही नदी पूर्वी सरोवराला वळसा घालून थुनच्या खाली आरेला मिळे आणि पुराने शेते बुडवी. १७१४ साली तिला एका टेकडीतून वाट काढून थेट सरोवरात सोडले. बोगद्यातून थोडे पाणी जावे असा बेत होता. नदीने बोगदाच खरवडून काढला आणि सगळीच्या सगळी सरोवरात आली. सरोवराचे तोंड एवढ्या पाण्याला अपुरे, म्हणून वरची शेते वाचली आणि खालचे थुन शहर बुडू लागले. मग दारे बसवली, तोंड रुंद केले. एवढे करूनही १९९९ व २००५ साली पूर आलेच, आणि २००९ मध्ये शहराखालून जादा पाणी नेणारा बोगदा पुरा करावा लागला. एका दुरुस्तीचे व्याज तीनशे वर्षे फेडणे चालू आहे.

याच शांत पाण्याच्या तळाशी आणखी एक ठेव आहे, आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात नसते. विसाव्या शतकात, साठच्या दशकापर्यंत, स्विस सैन्याने जुना व जादा दारूगोळा थुन, ब्रिएन्झ आणि ल्युसर्नच्या सरोवरांत बुडवला. एकूण वजन हजारो टन. १९४७ साली जवळच्याच मिथोल्झ गावी दारूगोळ्याच्या भुयारी कोठारात स्फोट होऊन नऊ माणसे मेली, त्यानंतर तर पाण्यात बुडवणे हाच सुरक्षित मार्ग मानला गेला. आता तो गोळा दीड-दोनशे मीटर खोलीवर, गाळाच्या थराखाली पडून आहे. पाण्याची तपासणी नियमित होते आणि आजवर घातक अंश आढळलेले नाहीत. तो वर कसा काढावा यासाठी तिथल्या संरक्षण खात्याने २०२४ साली कल्पनांची स्पर्धा ठेवली आणि ५० हजार फ्रँकची बक्षिसे लावली. दोन्ही महायुद्धांत तटस्थ राहिलेल्या देशाच्या पोटात हे शिल्लक राहिले आहे. हिंसेची साधने जवळ बाळगणे व दुसऱ्याला देणे यांचा समावेश आचार्यांनी अनर्थदंडात केला आहे; न वापरलेली शस्त्रेही निरुपद्रवी राहत नाहीत, ती कोणाच्या तरी पाण्यात जातात.

परतीला बस पुन्हा ब्रुनिग चढते. मागच्या आसनांवर अंताक्षरी, पुढच्या आसनांवर डुलक्या. साडेसहा-सातला हॉटेल. आणि इथे बहुतेक प्रत्येक गटात एक चर्चा ठरलेली असते. दरीत सूर्य कड्याआड गेलेला असतो, सावली पडलेली असते. पंचांगी सूर्यास्ताला मात्र अडीच तास अवकाश असतो, कारण जूनमध्ये इथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. चौविहार केव्हा धरायचा? तरुण मंडळी घड्याळ दाखवतात. एखादे काका म्हणतात, “आम्हाला सूर्य दिसत नाही, आमच्यापुरता मावळला.” त्यांची सून ताट वाढता वाढता सांगते, “पप्पा, समोरच्या शिखरावर बघा, ऊन आहे अजून.” काका वर पाहतात, शिखर खरोखरच सोनेरी असते. ते हसून बसतात, जेवतात, आणि उठण्यापूर्वी उकळून निवलेले पाणी पिऊन पच्चक्खाण घेतात. मुले जेवणानंतर पुन्हा काठावर जातात. चालकाने बस आवारात लावून टॅकोग्राफमधले आपले कार्ड काढलेले असते. कायद्याने ठरलेले त्याचे विश्रांतीचे तास सुरू झालेले असतात आणि दुसऱ्या दिवशीची निघण्याची वेळ त्यावरूनच फलकावर लिहिली जाते.